लॉर्ड्स नव्हे, हेडिंग्ली

दिलीप वेंगसरकरचं नाव निघालं की पुढच्याच वाक्यात लॉर्ड्स येतं. 1979 साली 103, 1982 साली 157, 1986 साली नाबाद 126. लॉर्ड्सवर खेळलेल्या पहिल्या तिन्ही कसोटींत शतक. हा पराक्रम थोर आहे आणि त्याबद्दल कुणाशी भांडायचं कारणच नाही. माझं भांडण आहे ते त्यानंतर येणाऱ्या वाक्याशी. 'म्हणजे त्याची सर्वश्रेष्ठ खेळी लॉर्ड्सवरचीच, आणि त्यातही 86 सालची,' असं गृहीत धरून मंडळी पुढच्या विषयाकडे वळतात. लेख लिहिणारे तसंच लिहितात, सत्काराच्या समारंभात बोलणारे तसंच बोलतात. आणि त्याच 1986 च्या जून महिन्यात, लॉर्ड्सच्या पुढच्याच कसोटीत, लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर त्याने जे केलं ते एखाद्या तळटीपेसारखं राहून जातं. माझं म्हणणं असं की दुसऱ्या डावातली ती नाबाद 102 धावांची खेळी वेंगसरकरच्या कसोटी कारकिर्दीतली सर्वांत मोठी खेळी आहे. परदेशात भारतीय फलंदाजाने खेळलेल्या मोजक्या महान डावांमध्ये तिची गणना व्हायला हवी, आणि ती होत नाही.

आधी सामना काय होता ते पाहू. लॉर्ड्सवर भारत पाच गडी राखून जिंकला होता. त्याआधी इंग्लंडमध्ये आपण एकच कसोटी जिंकलेली, 1971 ची ओव्हलची. पराभवानंतर इंग्लंडच्या निवड समितीने डेव्हिड गावरचं कर्णधारपद काढून माइक गॅटिंगकडे दिलं. मालिका हातची जाऊ नये म्हणून यजमान इरेला पेटलेले. आपला संघही पुरा नव्हता. लॉर्ड्सवर 69 धावा केलेला मोहिंदर अमरनाथ नव्हता, चंद्रकांत पंडित पहिलीच कसोटी खेळत होता. चेतन शर्मा जायबंदी होता, म्हणून तिकडे इंग्लंडमध्येच लीग क्रिकेट खेळत असलेल्या मदनलालला बोलावून घेतलं होतं.

भारताने पहिल्या डावात 272 केल्या. वेंगसरकर 61. मग इंग्लंड 102 धावांत आटोपलं. रॉजर बिन्नीने 40 धावांत 5, मदनलालने 18 धावांत 3. आघाडी 170. इथवरचं बहुतेकांना आठवतं, कारण बिन्नी आणि मदनलालने इंग्लंडला गुंडाळलं ही गोष्ट सांगायला छान आहे. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. ज्या खेळपट्टीवर बिन्नी आणि मदनलालचा मध्यमगती चेंडू एवढा वळवळत होता, त्याच खेळपट्टीवर आता आपल्याला पुन्हा उतरायचं होतं. श्रीकांत 8. गावसकर 1. शास्त्री 3. अझरुद्दीन 2. चौघे मिळून 14 धावा. हे कुणी सोमेगोमे नव्हेत. गावसकरच्या नावावर त्या वेळी कसोटीतली सर्वाधिक शतकं होती, आणि अझरने दीडच वर्षापूर्वी पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं ठोकून याच इंग्लंडला हैराण केलं होतं. त्या दिवशी त्यांचंही काही चाललं नाही. वेंगसरकरचं चाललं. संघाच्या 237 पैकी 102 त्याच्या, आणि शेवटचा गडी बाद झाला तेव्हा तो नाबाद उभा. त्याच्याखालोखाल कपिलच्या 31. पुढे इंग्लंड 128 धावांत संपलं, मणिंदर सिंगने 26 धावांत 4 बळी घेतले, भारत 279 धावांनी जिंकला आणि मालिका खिशात पडली.

आता ती धावपत्रिका समोर ठेवा, वेंगसरकरच्या दोन्ही धावसंख्या बोटाने झाका आणि उरलेली वाचा. चारही डाव पुरे झाले, दोन्ही संघांतले बावीसही जण दोन-दोनदा फलंदाजीला आले. त्यातल्या वेंगसरकरशिवायच्या एकवीस जणांपैकी एकालाही अर्धशतक करता आलं नाही. अर्धशतक सोडा, चाळिशीसुद्धा कुणी गाठली नाही. उरलेल्यांत सर्वाधिक धावा कुणाच्या, तर यष्टिरक्षक किरण मोरेच्या, 36. इंग्लंडकडून सर्वांत जास्त बिल अ‍ॅथीच्या 32. गूच, लॅम्ब, गॅटिंग हे सगळे याच मैदानांवर लहानाचे मोठे झालेले किंवा वर्षानुवर्षं काउंटी खेळून मुरलेले, आणि त्यांतला नाबाद 31 धावा करणारा गॅटिंग सोडला तर बाकीचे आले तसे परत गेले. इंग्लंडच्या अख्ख्या संघाच्या दोन डावांतल्या धावा 230. एकट्या वेंगसरकरच्या 163, आणि तेही एकदाच बाद होऊन.

मी डाव मोजतो तो या मापाने. त्याच खेळपट्टीवर, त्याच हवेत, त्याच गोलंदाजांपुढे किंवा त्याहून सोप्या गोलंदाजांपुढे इतरांना काय जमलं आणि याने काय केलं, यांतलं अंतर केवढं? लॉर्ड्सच्या तिन्ही शतकांना हे माप लावून बघा. 1979 मध्ये पहिल्या डावात भारत 96 धावांत गारद झाला आणि वेंगसरकर शून्यावर गेला. दुसऱ्या डावात त्याने 103 केल्या हे खरं, पण दुसऱ्या बाजूला विश्वनाथ 113 करत होता, दोघांनी 210 धावांची भागी केली आणि सामना वाचवला. तोवर खेळपट्टी निवळली होती. 1982 मध्ये फॉलोऑननंतर त्याने 157 केल्या, सुरेखच खेळला, पण त्याच डावात कपिलदेवने 55 चेंडूंत 89 धावा झोडपल्या. 1986 च्या लॉर्ड्सवर गूचचं शतक झालं, 114. आपल्याकडून अमरनाथच्या 69. म्हणजे तिन्ही वेळा दुसऱ्या कुणाला तरी तिथे धावा करता येत होत्या. वेंगसरकर त्यांच्याइतका किंवा त्यांच्यापेक्षा थोडा सरस होता. हेडिंग्लीला तो एकटा होता. त्याच्या आसपाससुद्धा कुणी नव्हतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो गोलंदाजीचा. 'इंग्लंडचा तो मारा म्हणजे काय मारा होता? विलिस केव्हाच निवृत्त झालेला, बोथम बंदी भोगत घरी बसलेला, आणि जॉन लीव्हर 37 वर्षांचा.' आक्षेपातली माहिती सगळी खरी आहे. पण बोथम लॉर्ड्सवरही नव्हता, तेव्हा हे कारण पुढे करायचं तर आधी 86 च्या लॉर्ड्सचं शतक खाली आणा, मग हेडिंग्लीकडे या. आणि लीव्हर म्हातारा झाला होता म्हणता, पण याच लीव्हरने 1976-77 च्या दौऱ्यात भारतात येऊन पाच कसोटींत 26 बळी घेतले होते. आपल्याकडच्या कोरड्या, पाटा खेळपट्ट्यांवर ज्याने चेंडू स्विंग केला त्याला लीड्सच्या ढगाळ हवेत वेग कशाला हवा होता? हेडिंग्लीला वेग लागतच नाही. तिथे चेंडू हवेत वळतो, टप्पा पडला की शिवणीवरून आत किंवा बाहेर जातो, आणि त्या कसोटीत तर उसळीचाही भरवसा नव्हता. अशा जागी डेरेक प्रिंगलसारखा सरळ, नेमका टप्पा ठेवणारा मध्यमगती गोलंदाज जास्त जाचक ठरतो. दुसऱ्या डावात लीव्हर आणि प्रिंगल दोघांनीही चार-चार बळी घेतले, ते काही वयाच्या किंवा नावाच्या जोरावर नाहीत. आणि मारा इतकाच कुचकामी होता तर गावसकर 1 धावेवर का गेला, या प्रश्नाचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याला मी बगल देणार नाही. 'भारताकडे 170 ची आघाडी होती. इंग्लंड दुसऱ्या डावात 128 वर बाद झालं. म्हणजे वेंगसरकरने भोपळा फोडला नसता तरी भारत जिंकलाच असता. मग त्या शतकाने असं काय साधलं?' बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. पण ती सामना संपल्यानंतरची आहे. वेंगसरकर खेळत होता तेव्हा ती कुणालाच ठाऊक नव्हती. तेव्हा डोळ्यांसमोर होतं ते एवढंच: चार बिनीचे फलंदाज मिळून 14 धावा करून परतलेले, आणि आपण शंभराच्या आत आटोपलो तर इंग्लंडला चौथ्या डावात अडीचशेच्या आसपास करायच्या, हातात भरपूर वेळ. याच मैदानावर पाचच वर्षांपूर्वी, 1981 साली, फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला 130 चं लक्ष्य देऊन 111 वर गुंडाळलं होतं. हेडिंग्लीवर सामना कधी कुठल्या बाजूला उलटेल याची धास्ती 86 साली मैदानात असलेल्या प्रत्येकाच्या मनात असणारच. शिवाय बाकीच्या फलंदाजांच्या धावा वेंगसरकर काढून टाकला तरी तशाच उरतील, हे या आक्षेपाने बिनदिक्कत धरून चाललं आहे. तळाचे फलंदाज धावा करतात ते दुसऱ्या टोकाला कुणीतरी पाय रोवून उभा असतो म्हणून. तो उभा राहिला म्हणून बिन्नी, मदनलाल यांना उभं राहता आलं. आणि 250 चा पाठलाग करणारा संघ व 408 चा पाठलाग करणारा संघ, या दोघांच्या फलंदाजीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्याला आशा असते. वेंगसरकरने इंग्लंडची आशाच काढून घेतली.

आणि निकालाचीच तराजू हवी असेल, तर ती सगळ्यांना सारखी लावा. लॉर्ड्सच्या तीन शतकांपैकी 1979 ची कसोटी अनिर्णित राहिली आणि 1982 ची आपण सात गडी राखून हरलो. निकालाच्या मापाने त्यांतली दोन शतकं बाद होतात. तिसऱ्या सामन्यात सामनावीर कोण होता? कपिलदेव. हेडिंग्लीला सामनावीर वेंगसरकर होता, आणि त्यावर एकाही माणसाने तेव्हा प्रश्न विचारला नाही. एका खेळीला एक नियम आणि दुसरीला दुसरा, असा हिशोब मला मान्य नाही.

तिसरा आक्षेप, 'फक्त 102', याला फार वेळ द्यायची गरज नाही. ज्या सामन्यात दुसऱ्या कुणाला 37 करता आल्या नाहीत तिथल्या 102 धावा कोलकात्याच्या किंवा फैसलाबादच्या दोनशेपेक्षा मोठ्या असतात. हे मुंबईच्या माणसाला कुणी शिकवायची गरज पडू नये.

कारण मुंबईच्या क्रिकेटची सगळी घडण याच मापावर झाली आहे. कांगा लीग 1948 पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाते. मैदान ओलं, गवत वाढलेलं, खेळपट्टी कधी मऊ तर कधी चिकट. जमिनीवरून मारलेला कडक ड्राइव्ह वीस पावलांवर गवतात अडकून बसतो आणि चार धावांच्या जागी एक पळावी लागते. टप्प्यावरून चेंडू कधी छातीला येतो, कधी घोट्याला. साठ-सत्तर धावांत डाव आटोपतात. तिथे तीस-पस्तीस करणाऱ्या पोराची पाठ ज्येष्ठ खेळाडू थोपटतात आणि ती पस्तिशी शिवाजी पार्कवरच्या उन्हाळी शतकाच्या बरोबरीने मोजतात. मुंबईच्या फलंदाजाला लोक खडूस म्हणतात, तो खडूसपणा अशा खेळपट्ट्यांवर येतो. सोडायचा चेंडू सोडणं, चेंडू अंगावर येऊ देऊन हाताची पकड ऐन वेळी सैल करणं, म्हणजे कड लागली तरी झेल स्लिपपर्यंत पोचू नये. वेंगसरकर उंच होता, पुढच्या पायाचं पाऊल लांब टाकायचा. हलणाऱ्या चेंडूपुढे हे लांब पाऊल फार कामाला येतं, कारण चेंडू वळायला सुरुवात होते त्या जागेच्या जवळ बॅट पोचते आणि शिवणीवरून आत-बाहेर जायला चेंडूला अंतरच उरत नाही. लंकेशायर-यॉर्कशायरमध्ये जन्माला आलेल्या फलंदाजाला हे उपजत असावं अशी आपली समजूत. त्या कसोटीत ते दादरच्या हिंदू कॉलनीत वाढलेल्या माणसाला त्यांच्यापेक्षा चांगलं येत होतं.

आणि त्या माणसाचा क्लब दादर युनियन. तिथे गावसकर खेळला, त्याच्या आधी त्याचे मामा माधव मंत्री खेळले. मंत्रींचं नाव मी इथे मुद्दाम घेतोय. 1952 च्या जूनमध्ये याच हेडिंग्लीवर भारताच्या दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव नसताना चार गडी बाद झाले होते. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. फ्रेड ट्रूमन पहिलीच कसोटी खेळत होता. शून्यावर चार बाद हे आकडे भारतीय क्रिकेटला पुढे वर्षानुवर्षं ऐकवले गेले. भारतीयांना हलता चेंडू खेळता येत नाही, याचा पुरावा म्हणून. त्या डावात विजय हजारे आणि दत्तू फडकर यांनी अर्धशतकं करून लाज राखली, पण त्यांची नावं त्या टोमण्यात कधी आली नाहीत. चौतीस वर्षांनी त्याच मैदानावर, त्याच जूनमध्ये, मंत्रींच्याच क्लबच्या फलंदाजाने तो टोमणा पुसून टाकला. या वेळी यजमान 102 वर बाद झाले होते आणि भारताचा एक फलंदाज एकट्याने बरोबर तेवढ्याच धावा करून नाबाद होता. लॉर्ड्सच्या तीन शतकांच्या मागे असा इतिहास नाही. माझ्या मते वेंगसरकरचं हे शतक मुंबईच्या प्रत्येक मैदानावर सांगितलं गेलं पाहिजे, आणि ते तिथेही सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

का सांगितलं जात नाही, याचं कारण मला दिसतं ते असं. लॉर्ड्सला क्रिकेटची पंढरी मानायची आपल्याला सवय लागली आहे. तिथल्या ड्रेसिंग रूममधल्या फलकावर नाव लागलं की तीच खेळी मोठी. मैदानाचा मान खेळीला मिळतो आणि खेळीचा मान राहून जातो. लीड्स हे एके काळचं कापडगिरण्यांचं, धुराचं, ढगांचं शहर. तिथे पाहुण्यांना कुणी मान देत नाही आणि तिथे केलेल्या कामाचे गोडवेही कुणी गात नाही. पण खेळपट्टीला मैदानाची प्रतिष्ठा कळत नाही. चेंडू वळायचा तिथे वळतो.

कुणी म्हणेल की हेडिंग्लीवर मोठी खेळी म्हणजे राहुल द्रविडची, 2002 ची 148. ती खेळी मला मनापासून आवडते. ढगाळ हवेत नाणेफेक जिंकून गांगुलीने फलंदाजी घेतली आणि पहिल्या दिवशी द्रविड व संजय बांगर यांनी चेंडूचे फटके अंगावर झेलत डाव उभा केला, ते धाडस थोरच. पण भारताने त्या डावात 8 बाद 628 वर डाव घोषित केला. तेंडुलकर 193, गांगुली 128, बांगर 68. पहिला दिवस सरला की खेळपट्टी फलंदाजांची झाली होती. द्रविडच्या त्या खेळीला आपण जो मान देतो तो योग्यच आहे, पण त्याच मैदानावर, त्याहून खट्याळ खेळपट्टीवर, बाजूला एकही सोबती टिकत नसताना केलेल्या शतकाला त्याहून कमी मान का? सोळा वर्षं आधी झालं म्हणून? टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं नाही म्हणून?

एक प्रतिस्पर्धी मात्र मी गंभीरपणे घेतो, आणि तो लॉर्ड्स नव्हे. डिसेंबर 1979, दिल्लीचं फिरोजशाह कोटला, पाकिस्तानविरुद्धची कसोटी. पहिल्या डावात सिकंदर बख्तने 69 धावांत 8 बळी घेऊन भारताला 126 वर संपवलेलं. चौथ्या डावात 390 हव्या होत्या. वेंगसरकर नाबाद 146, भारत 6 बाद 364. विजय 26 धावांवर राहिला. चौथ्या डावातला पाठलाग, समोर पाकिस्तान, आणि फलंदाज जेमतेम तेवीस वर्षांचा. कुणी मला म्हणालं की ही खेळी हेडिंग्लीपेक्षा मोठी, तर मी त्याच्याशी बसून तासभर वाद घालेन आणि तो वाद मला आवडेल. पण माप तेच लावू. कोटल्यावर पाकिस्तानच्या पहिल्या डावात वसीम राजा 97 करून गेला होता, आणि शेवटच्या दिवशी आपल्या संघातल्या इतरांनाही वेंगसरकरला साथ देत साडेतीनशेच्या पुढे जाता आलं. तिथे धावा करणं अवघड होतं, अशक्य नव्हतं. हेडिंग्लीला वेंगसरकर सोडून सगळ्यांना ते अशक्य होतं. म्हणून माझ्या यादीत हेडिंग्ली पहिली, दिल्ली दुसरी, आणि लॉर्ड्स तिसऱ्या जागी.